उजवा कौल

टप्‌.

ओली पाकळी ताम्हनात पडली, तिचा आवाज तो केवढा असणार! पण गेली दहा मिनिटं त्या माजघरात कुणी घसासुद्धा खाकरला नव्हता. हातातून तांब्या निसटून फरशीवर आदळावा तशी मंगल दचकली.

"उजवा," बायाक्का म्हणाली आणि तिनं कपाळ जमिनीला टेकवलं. "उजवा दिला रं देवानं, परशराम."

परशराम उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस, पण आईशेजारी मांडी घालून बसला होता तो शाळकरी पोरासारखा. त्यानं सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला, त्याच्याकडं बघितलं आणि परत खिशात टाकला.

देव्हाऱ्यात रवळनाथाचा पितळी मुखवटा होता. त्याच्या दोन्ही गालांवर मोगऱ्याची एकेक ओली पाकळी लावून बायाक्कानं गाऱ्हाणं घातलं होतं. नातीला संकेश्वराच्या पुढच्या सरकारी निवासी शाळेत धाडायची असंल तर उजवी पाकळी दे. घरात ठेवून बेळगावातल्या खासगी हायस्कुलात घालायची असंल तर डावी दे. जी आधी पडेल तो देवाचा शब्द. पिरनवाडीतल्या या घरात भावकीतली वाटणी, बोअरची जागा, म्हशीची खरेदी, सगळं असंच ठरत आलं होतं. बारा वर्षांमागं मंगलला सून करून आणायचं तेही देवानं उजवा दिला म्हणूनच.

मंगल त्या रिकाम्या उजव्या गालाकडं बघत राहिली. हे होणं शक्यच नव्हतं.

पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, न्हाऊन तिनं देव घासले होते. मुखवटा कोरडा पुसला होता. मग स्वयंपाकघरातून काकवीची बरणी आणून, तीत करंगळी बुडवून, देवाच्या उजव्या गालावर तिळाएवढा ठिपका लावला होता. उसाची दाट काकवी ती, बोटाला लागली तर धुतल्याशिवाय सुटत नाही. उजवी पाकळी जागची हलणार नव्हती. डावी सुकली की पडणारच होती. 'माफ कर' म्हणायचंही तिला धाडस झालं नव्हतं. करंगळी तोंडात घालून, चाखून, पदराला पुसून ती चुलीकडं वळली होती.

बाजू तर चुकली नाही? कौलात उजवा म्हणजे देवाचा उजवा, बघणाऱ्याचा नव्हे. पण ते तिला पक्कं ठाऊक होतं. चूक नको म्हणून तर ती पहाटे देव्हाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली होती, देवासारखं बाहेर तोंड करून, आणि आपला उजवा हात वर करून बघितला होता. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

मग पाकळी पडली कशी?

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. देवानं बघितलं, एवढंच तिला कळलं. बघितलं आणि ढकलली.

"बघितलंस न्हवं?" परशराम आता सौम्याला जवळ ओढत म्हणाला. "तालुक्यातनं दोन हजार पोरं बसलेली, त्यातली चाळीस घेतली, त्यात तू. आता देवानं बी सही केली. लेथवाल्याची पोरगी हाय म्हनावं!"

अकरा वर्षांची सौम्या नुसती मान खाली घालून परकराच्या काठाशी चाळा करत होती.

"माझ्या येळंला डावा दिलाता," तो मंगलकडं बघून हसला. ही गोष्ट त्यानं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिला सांगितली होती. तोही पाचवीनंतर असल्याच एका शाळेच्या परीक्षेत निवडला गेला होता. आईनं कौल लावला, डावी पाकळी पडली, तो घरीच राहिला. दहावी कशीबशी झाली आणि लेथवर उभा राहिला. सांगताना त्याच्या आवाजात कधी खंत नसायची. देवानंच नको म्हटल्यावर माणूस कुणावर रुसणार? "माझं त्यानं पोरीच्या नावावर लिवून ठेवलंतं बघ. उद्या पाचच्या आत कागद द्यायचेत. झेरॉक्स मारून येतो."

चपला घालताघालता तो दारातून परत वळला. "आणि ती लोखंडी ट्रंक माळ्यावरनं काढ गं. रंग मारू."

फटफटीचा आवाज नाक्याकडं विरून गेला. मंगल स्वयंपाकघरात आली. तवा चुलीवर ठेवला, पीठ परातीत घेतलं आणि पाणी घालायचं विसरून नुसतीच कोरडं पीठ चाळवत राहिली.

खासगी हायस्कुलाची बस पिरनवाडीच्या नाक्यावर यायची. सकाळी आठला न्यायची, साडेचारला आणून सोडायची. मंगल जाऊन बघून आली होती. बाकं, फळा, मुलींची न्हाणीघरं, सगळं. काचेमागची ट्रॉफ्यांची रांग बघून तिला फारसं काही वाटलं नव्हतं. तिनं फक्त तिथल्या बाईंना विचारलं होतं, "डबा घरनं आणला तर चालतोय न्हवं?" सौम्या अजून रात्री माजघरात आईचा पदर मुठीत धरून झोपायची. ताप आला तर दुसऱ्या कुणाच्या हातानं औषध घ्यायची नाही. सरकारी शाळेचं पत्र कानडीत आलं होतं. सौम्यानंच ते आजीला मराठीत समजावून सांगितलं, मोठ्या माणसासारखं बोट फिरवत. 'पालकांनी महिन्यातनं एकदाच भेटायचं, दुसऱ्या रविवारी.' हे वाक्य वाचताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता.

देवाला नैवेद्य दाखवायचा राहिला होता. ती वाटीत दूधभात घेऊन माजघरात आली आणि देव्हाऱ्यापुढं वाकली.

मुखवट्यावर मुंग्या होत्या.

बारीक तांबड्या मुंग्यांची एक रांग देव्हाऱ्याच्या खांबावरून आत शिरली होती, ताम्हनाला वळसा घालून, मुखवट्याच्या हनुवटीवरून वर चढली होती. आणि डाव्या गालावर, अजून न पडलेल्या पाकळीभोवती, त्यांचा घोळका जमला होता.

डाव्या.

मंगलनं वाटी खाली ठेवली. उजव्या गालाला बोट लावून बघितलं. गुळगुळीत, स्वच्छ. मुंग्या हलकेच झटकून तिनं डावी पाकळी ओढली. ती सुटली नाही, फाटली. खाली तपकिरी, चिकट ठिपका होता. तिनं लावलेल्या ठिपक्यापेक्षा बराच मोठा, घाईघाईत लावलेला.

"ऱ्हाऊ दे. धुईन मी."

मंगल गर्रकन वळली. भिंतीला टेकून बायाक्का बसली होती, मघापासून तिथंच, जपमाळ मांडीत घेऊन.

"पाकळी लावताना बोटाला चिकटलं तवाच कळलं मला," बायाक्का सावकाश म्हणाली. "चाळीस वर्सं झाली ह्या मुखवट्याला हात लावतिया. डोळं गेलं, बोटं न्हाय गेली."

"आत्ती, मी…"

"बस हितं."

मंगल बसली. आता शिव्या पडणार, माहेर काढलं जाणार. पडू देत, तिला वाटलं. निदान मग हा कौल मोडेल. पुन्हा लावावा लागेल.

पण म्हातारीनं हात पुढं करून तिचा हात धरला. सासूचा हात हातात यायची ही बारा वर्षांतली दुसरी वेळ. पहिली सौम्याच्या बाळंतपणातली.

"तू माझ्यापरीस लई मोठ्या काळजाची निघालीस गं," बायाक्का म्हणाली. "मला वाटलंतं, तू पोरीला सोडणार न्हाईस. रोज बघतिया न्हवं मी, तिच्या येणीत जीव तुझा. आणि तूच डावी चिकटवलीस. पोरगी जावी म्हणून."

मंगलनं हातातल्या फाटक्या पाकळीकडं बघितलं.

"माझ्याच्यानं न्हाय झालं ते." बायाक्काची नजर मुखवट्यावर होती. "परशाच्या येळंला. मास्तर घरला आलते, पाया पडायचं तेवढं ठेवलंतं त्यांनी. म्हणत हुते, धाडा पोराला, सोनं हाय. मी म्हटलं, देवाला इचारते. आणि डाव्या गालावर गोड्या तेलाचं बोट फिरवलं."

मंगलनं मान वर केली.

"तेलावर पाकळी ठरतिया कुठली? ठेवली न्हाय तवर घसरली." ती खालच्या आवाजात बोलत होती, जणू घडलेलं नुसतं सांगून टाकत होती. "एकुलता एक हुता. घर खायाला उठलं असतं मला. पोरगं एक सबूद बोललं न्हाय बघ. देवानं डावा दिला म्हणून गप लेथवर जाऊन हुबं ऱ्हायलं. देवानं न्हाय दिलाता गं. मी दिलाता."

मंगलच्या डोळ्यांपुढं मघाचा, आईशेजारी मांडी घालून बसलेला परशराम आला. माझं त्यानं पोरीच्या नावावर लिवून ठेवलंतं. हात सोडवून घ्यावासा वाटला, पण म्हातारीनं तो घट्ट धरला होता.

"त्येला सांगू नगंस. मी गेल्यावर बी नगंस." बायाक्कानं मग तिचा हात थोपटला. "तुझं बी मी न्हाय सांगायची. तू चांगल्यासाठी केलंस. माझ्या हातनं जे गेलं ते तू भरून काढलंस. देव तुझं कल्याण करंल."

ती गुडघ्यावर हात देत उठली, आतून ओलं फडकं आणलं आणि मुखवट्याचा डावा गाल पुसू लागली. एकही मुंगी मरू नये अशा बेतानं.

मी केलं नाही आत्ती. मी उलटं केलं होतं. तुमच्यासारखंच केलं होतं. मंगल हे मनातच म्हणाली. आणि मग, म्हातारीच्या पुसणाऱ्या हाताकडं बघताबघता, मंगलला दुसरंच काही उमगलं. बायाक्कानं नाही. परशरामला तर काकवीची बरणी कुठल्या फळीवर असते तेही ठाऊक नाही. मग घरात उरतं कोण?

सौम्या परसात होती. तांदूळ टाकून कोंबड्यांना बोलवत होती. आईला फणी-तेल घेऊन येताना बघून ती न सांगता पायरीवर येऊन बसली, पाठ करून. मंगलनं वेण्या सोडल्या. केस लांब होते, कमरेपर्यंत. तिथल्या शाळेत बॉयकट करावा लागतो, असं कुणीतरी म्हणालं होतं.

बराच वेळ फणी नुसती वरून खाली फिरत राहिली.

"सौम्या, सकाळी लौकर जाग आलती व्हय गं तुला?"

मान किंचित ताठ झाली. "व्हय."

"काय बघितलंस?"

"तू देवाला काकवी लावलीस ते." थोडं थांबून, "आणि तिकडं पाठ करून हात वर केलास. मला हसू आलतं. पांघरुणात तोंड घातलं."

"मग?"

"मग तू भाकरी करायला गेलीस." सौम्याच्या मुठीत तांदळाचे चार दाणे होते, ते ती एकेक करून पायरीवर मांडत होती. "मी उजवीकडची पुसली. आणि डावीकडं लावली."

मंगलचा हात केसांतच थांबला. अंगणातली कोंबडी पायरीपाशी आली, दाणे टिपून गेली, तरी तिला फणी पुढं ओढता येईना. उजवी पाकळी पडली तेव्हा वाटलं होतं तेवढी भीतीसुद्धा आता वाटत नव्हती. नुसतं कुणीतरी पायांखालची पायरी काढून घेतल्यासारखं.

"तुला जायचंय?"

सौम्यानं होकाराची मान हलवली. केस ताणले गेले तरी हलवली.

"मग मला बोलली न्हाईस?"

"तू रडली असतीस." आवाज बारीक झाला. "मग मी बी रडली असती. मग मी गेली नसती."

रस्त्यावर फटफटीचा आवाज आला. परशराम हॉर्न देत होता, एकदा, दोनदा, उगीचच. लग्नाच्या वरातीत देतात तसा. आतून बायाक्काच्या हातातली घंटी वाजली. नैवेद्य दाखवला जात होता. मंगलनं मोठ्या कष्टानं फणी सोडवली, केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. पहिल्याच वळणाला पेड चुकला. तिनं सोडला, परत घातला.

"आई."

"हं."

सौम्या पाठ न वळवताच बोलली. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, गणितात अडली की हवं असायचं तसं.

"तू बी हात लावला नसतास, आणि मी बी लावला नसता, तर देवानं काय सांगितलं असतं गं?"