अकरा नंबरची मोकळी वाट

मित्रांनो, विरारच्या मनवेलपाड्यात एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर मी राहतो. मी एक राऊटर आहे, तोही जुना. घरातल्या मोबाइलना इंटरनेट पोहोचवणं हे माझं काम. एकेकाळी पांढरा होतो, आता पिवळट पडलोय.

एका कारखान्यात हिरव्या पट्टीवर बारीक बारीक भाग डकवून मला बनवलं, थोडा वेळ चालवून पाहिलं आणि खोक्यात बंद केलं. सात वर्षांपूर्वी स्वप्नालीने मला या घरी आणलं. तिचे ऑनलाइन तास, परीक्षा, नोकरीची मुलाखत, सगळं माझ्यामार्फत झालं. नोकरी लागली त्या दिवशी तिने मला थोपटून "शाब्बास रे!" म्हटलं होतं. मग लग्न करून ती नाशिकला गेली. घरात तिचे आईबाबा उरले, मीराबाई आणि श्रीरंगराव. मला लोखंडी कपाटामागे सरकवण्यात आलं. माझ्यावर धूळ साचली, तरी माझे दिवे लुकलुकत राहिले.

गेल्या वर्षी श्रीरंगरावांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. शब्द डोक्यात असायचा, जिभेवर यायचा नाही. बोलणं शिकवणाऱ्या दिपिकामॅडम मुंबईत. एवढा प्रवास श्रीरंगरावांना झेपणारा नव्हता, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला मोबाइलवर तास सुरू झाला. त्या एकेक चित्र दाखवायच्या आणि श्रीरंगरावांनी नाव सांगायचं. पुन्हा एकदा या घराला माझी गरज लागली होती. मला फार बरं वाटलं.

पण मित्रांनो, माझ्याच्याने ते काम नीट होईना. चित्र थिजायचं, आवाज तुटायचा. एका मंगळवारी मॅडमनी चमच्याचं चित्र दाखवलं. श्रीरंगरावांनी डोळे मिटले, मान हलवली, घाम फुटला, आणि ते म्हणाले, "च... चमचा."

अगदी स्पष्ट म्हणाले. पण तो शब्द माझ्यापाशीच अडकला. पलीकडे पोहोचलाच नाही.

"काका, पुन्हा एकदा म्हणा बरं," मॅडम म्हणाल्या.

श्रीरंगरावांना वाटलं, आपलंच चुकलं. त्यांनी मोबाइल उलटा ठेवला आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले. शुक्रवारचं नाव काढताच हाताने 'नको' म्हणाले.

मीराबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी तो शब्द ऐकला होता. फोनवर स्वप्नालीला त्या म्हणाल्या, "अगं, बाबा बोलले! मी माझ्या कानांनी ऐकलं. मग मॅडमना का नाही ऐकू गेलं?"

इंटरनेटवाल्याचा माणूस आला, मला बंद करून चालू केलं आणि म्हणाला, "आजी, हा म्हातारा झाला. नवीन घ्या, पुढच्या आठवड्यात आणून देतो." मी मनातून खचलो.

पण मीराबाईंना शुक्रवार गाठायचा होता. त्या वरच्या मजल्यावरच्या शर्लीकडे गेल्या. शर्ली मूळची जवळच्या वटार गावची, एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. गुरुवारी शाळेतून आली ती थेट आमच्याकडेच. तिने मोबाइलवर एक नकाशा उघडला. आजूबाजूचा प्रत्येक राऊटर त्यात एकेका टेकडीसारखा दिसत होता.

"बघा आंटी, हवेत या राऊटरांसाठी नंबर टाकलेल्या वाटा असतात. तुमचा सहा नंबरवर आहे. आणि बिल्डिंगमधले अजून नऊ जण पण सहावरच! सगळे एकदम बोलतायत, कोणाचं कोणाला ऐकू येणार?"

खरंच होतं ते. माझी वाट मीच निवडावी, अशी माझी सेटिंग होती. महिन्याभरापूर्वी वीज गेली, परत आली, तेव्हा मी जागा होऊन सहावर जाऊन बसलो. माझ्यामागून बाकीचेही तिथेच आले. मी मात्र परत दुसरी वाट शोधलीच नाही.

"एक नंबरवर पण चार जण आहेत," शर्ली म्हणाली.

"मग तीनवर टाक ना. तिथे कोणीच दिसत नाही," मीराबाई म्हणाल्या.

शर्लीने माझ्या पोटावरच्या चिठ्ठीवरून पासवर्ड वाचला आणि मला तीनवर नेलं. नाशिकला फोन लावून पाहिला तर स्वप्नालीचा चेहरा आणखीच तुटायला लागला. मीराबाईंचा चेहरा पडला.

शर्लीने नकाशा पुन्हा नीट पाहिला आणि कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं, आंटी. या वाटा रुंद आहेत, शेजारच्या वाटांवर चढतात. तीनवर एकवाल्यांचा पण त्रास आणि सहावाल्यांचा पण. एक, सहा, अकरा, हे तीनच लांब लांब आहेत. आणि अकरावर समोरच्या बिल्डिंगचा एकच आहे, तोही अगदी बारीक."

तिने अकरा नंबर निवडला आणि तो पक्का केला, म्हणजे वीज गेली तरी मी भलतीकडे भटकणार नाही. क्षणभर सगळं तुटलं. मग माझा दिवा स्थिर झाला. मीराबाईंनी मला कपाटामागून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि भिंतीवर उंच टांगलं. नाशिकहून स्वप्नाली न थांबता पाच मिनिटं बोलत राहिली. मला तर भरबाजारातून मोकळ्या माळावर आल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी अकराला श्रीरंगराव खिडकीपाशीच बसून राहिले. मीराबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"अहो, मंगळवारी तुमचं चुकलं नव्हतं. तुम्ही बरोबर बोललात, मी ऐकलं. तो राऊटर अडकला होता, तुम्ही नाही."

श्रीरंगराव सावकाश उठून मोबाइलसमोर येऊन बसले.

मॅडमनी छत्री दाखवली. मी श्वास रोखला, म्हणजे राऊटरला जेवढा रोखता येतो तेवढा. "छ... छत... छत्री." या वेळी एकही अक्षर सांडलं नाही. पलीकडे मॅडमनी टाळ्या वाजवल्या, "वा काका!" आणि त्या टाळ्याही मी जशाच्या तशा इकडे आणून पोहोचवल्या.

मीराबाईंनी डोळे पुसत चहा आणला. श्रीरंगरावांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "साखर... कमी... आहे."

नवऱ्याने चहाला नावं ठेवली म्हणून इतक्या आनंदाने हसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मित्रांनो, आता ते रोज थोडं थोडं बोलतात. नवा राऊटर अजून आणलेला नाही. कधीतरी येईल, आणि त्याचं मला दुःख नाही. मागणं एवढंच आहे. आम्हाला टाकून देण्याआधी एकदा नीट बघा, आमची धूळ पुसा, आम्ही कुठल्या गर्दीत सापडलोय ते शोधा. आणि पलीकडच्या माणसाचा शब्द अडकला, तर दोष आधी आमच्यात शोधा. त्याच्यासाठी मात्र थोडं थांबा. कदाचित तो केव्हाच बोललेला असेल.