तेरेझ मावशीच्या ताटल्या

सुकैनाने फळ्यामागे दडवलेल्या चार ताटल्या काढल्या आणि ओढणीच्या टोकाने पुसायला घेतल्या. पुसण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतंच. शाळेच्या पटांगणात गाड्यांची झुंबड उडाली होती. पहाटे युद्धबंदी झाली होती, आणि दोन महिने वर्गावर्गांत दाटीवाटीने राहिलेली दक्षिणेकडची कुटुंबं टपावर गाद्या बांधून घराकडे निघाली होती.

"अगं, चल की!" तिचा नवरा अबू हादी दारातून ओरडला. "सगळा लेबनॉन रस्त्यावर आलाय. अंधाराच्या आत गाव गाठायचंय."

"ताटल्या दिल्याशिवाय मी हलणार नाही."

"मग दे आणि ये."

"रिकाम्या?"

अबू हादीने कपाळाला हात लावला आणि तो गाडीकडे वळला. शेजारून भरून आलेली ताटली रिकामी परत करायची नसते, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

शाळेसमोर राहणारी तेरेझ मावशी या डोंगरगावातली. पहिल्याच आठवड्यात तिने भरली वांगी पाठवली, मग द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, मग आणखी काहीबाही. मदतवाल्यांच्या डब्यांना विटलेली सुकैनाची पोरं ताटल्या चाटूनपुसून साफ करायची. पण बदल्यात द्यायचं काय? गावी कोठीत ऑलिव्ह होते, तेल होतं, वाळवलेलं दही होतं. इथे होती मदतीच्या पिशवीतली मसूर. दानात आलेलं उचलून दुसऱ्याच्या दारात न्यायचं? तिचा पायच उचलत नव्हता. ताटल्या साचत गेल्या, आणि गेल्या आठवड्यात नवी ताटली यायचीच थांबली. मावशी दुखावली, यात शंका नव्हती. फुकट खाऊन ताटल्याही गिळणारी बाई, असं नाव मागे ठेवून जायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

शेवटी तिने मन घट्ट केलं. तीन ताटल्या एकावर एक रचून त्यांच्यावर चौथी ठेवली, ती मसुरीने शिगोशीग भरली, उरलेली पिशवी काखेत मारली आणि रस्ता ओलांडला.

तेरेझ मावशीने दार उघडलं. सुकैनाने मान वर केली नाही.

"मावशी, फार उशीर झाला. घरचं नाही हो, मदतीचं आहे. राग धरू नका."

"राग? कसला गं?"

मावशीने मसुरीत बोटं घातली.

"बँकेने ठेव गिळली ती गिळलीच. यांच्या पेन्शनीत आता भाजीसुद्धा येत नाही. गेल्या आठवड्यात मी डबे खरवडले, सुकैना. तुझ्या पोरांना काय पाठवू? खिडकी लावून बसले होते, तुला तोंड दाखवायला नको म्हणून. तिकडे शाळेत रोज मदतीची गाडी यायची. पण मागणार कुठल्या तोंडाने? माझं घर तर जागेवर आहे ना."

सुकैनाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. आधी तिला हसू फुटलं, मग मावशीला, आणि मग दोघींनीही डोळे पुसले. पटांगणातून अबू हादीने भोंगा दाबून धरला.

मावशी मसूर पातेल्यात ओतून आली. तीच ताटली तिने सुकैनाच्या हातात परत ठेवली.

"ही रिकामी देतेय. तुझ्या घरचे ऑलिव्ह भरून आण."

"घर उभं असलं तर, मावशी."

"नसलं तरी ये. ताटली माझी आहे."