विझवलेल्या बल्बचा उजेड

सासऱ्यांनी घरभर एलईडी बल्ब लावले आणि वीज वाचवण्यावर सगळ्यांना भाषणं देऊन भंडावून सोडलं. उरलेले बल्ब त्यांनी कालच लेकीकडे पोचवले होते. उद्या दुपारी लावते, असं ती म्हणाली होती.

सुनेचं मन मात्र बाथरूममधल्या बल्बवर अडकलं होतं. बटण बंद केलं तरी तो मंद जळत राहायचा. त्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे भरदुपारीही ते दिसायचं. तिथं पाऊल टाकायला तिला भीती वाटू लागली होती.

“फुकटचा नाइट लॅम्प मिळालाय, त्यात कुरकुर कसली?” सासरे म्हणाले. हयात कपड्याच्या दुकानात गेली असली, तरी घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं. त्याबद्दल कुणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे.

शेवटी तिनं आपल्या वायरमन भावाला फोन लावला. एरवी चेष्टेशिवाय न बोलणारा हा माणूस आज सगळं ऐकून सरळ मुद्द्यावर आला.

“ताई, बटण चुकीच्या तारेवर बसवलंय. साधा बल्ब पुरता विझायचा, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. एलईडीला जराशी वीजही पुरते. बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये करंट आहे. कुणाला हात लावू देऊ नकोस.”

तेवढ्यात बाथरूममध्ये लोखंडी स्टूल सरकल्याचा आवाज आला.

“काढतो बाई तुझा तो बल्ब,” सासरे आतून म्हणाले. “बटण बंद केलंय.”

तिनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखा घरघरत थांबला. सासरे ओल्या पायांनी, तणतणत बाहेर आले. तिनं भावाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती आता वादाची वाट बघत होती. पण ते मटकन खाली बसले.

“बटण कुठल्याही तारेवर लावा, दिवा विझतोच की, असं वाटायचं मला,” ते म्हणाले. “लेकीच्या घरचं वायरिंगही मीच केलंय.”

तिनं नणंदेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. फोन लगेच उचलला गेला.

“नंतर बोलते हं, स्टुलावर उभी आहे. बाबांना सांग, काळजी करू नका, बटण बंद केलंय.”

फोन कट झाला.

“परत लाव,” सासरे म्हणाले.

तिनं परत लावला. फोन वाजत राहिला.