एकाच पायाचे माप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याच्या गळ्यात मिरवणारी. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. आता कडा विरल्या, आकडे पुसट झाले. पण माप विचाराल तर आजही सूतभर इकडचे तिकडे होणार नाही!

आमचे मास्तर माप घेत आणि त्यांची बायको कापून शिवत असे. बाईंच्या हाताला काय सफाई होती म्हणून सांगू! गिऱ्हाईक शिवण उलटी करून बघे आणि पुढचे कापड तिथेच टाकून जाई. मग बाईंना कॅन्सर झाला. मशीन थांबले आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले.

एके दिवशी मास्तरांनी मला खाली काढले. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती जास्त असते. त्यासाठी दिलेले रक्त पातळ करणारे इंजेक्शन बाईंना सोसले नाही. अंगावर चट्टे उठले, हिरड्यांतून रक्त आले. डॉक्टरीणबाईंनी ते बंद केले आणि बजावले, "दुसरा उपाय ठरेपर्यंत रोज पोटऱ्या मोजा. सूज दिसली की तडक या. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल."

मास्तर रोज मला बाईंच्या उजव्या पोटरीला गुंडाळत आणि म्हणत, "मापात आहे!" शिंपी एकच पाय मोजतो आणि दुसरा त्याच मापाने धरतो. जन्माची सवय, ती कशी सुटणार?

एका सकाळी बाई म्हणाल्या, "अहो, पायजम्याचा डावा पाय पोटरीला दाटतोय."

"शिवताना आत गेला असेल गं थोडा."

बाई उसळल्या. "माझी शिवण? दोन्ही पाय एकाच घडीत कापलेत मी! पायजमा बरोबर आहे, पाय सुजलाय. लावा टेप!"

डावी पोटरी चांगली दीड इंच जास्त भरली. मास्तर मला हातात धरून रडू लागले. बाई म्हणाल्या, "रडायचं नंतर. आधी गाडी बोलवा."

पायात गुठळी निघाली. औषध चालेना, म्हणून डॉक्टरांनी पोटातल्या मोठ्या शिरेत बारीक जाळी बसवली, गुठळी वर सरकू नये म्हणून. बाई बचावल्या. कॅन्सर अजून आहे, पण बाईही आहेत! अशा बाईच्या हाताखाली मी झिजले, याचा मला फार अभिमान वाटतो.

मास्तर आता गिऱ्हाइकांचेही दोन्ही पाय मोजतात. लोक हसतात. हसू देत बापडे! तुम्ही मात्र, मित्रांनो, घरातले आजारी माणूस "आज काहीतरी वेगळं वाटतंय" म्हणाले, तर हसू नका. हातातले काम टाका आणि आधी बघा.