आत म्हणजे हात

किशोरी मॅडम "आत" म्हणाल्या, तशा सगळ्या मुली पळत वर्तुळाच्या मध्याकडे गेल्या. मनस्वी जागच्या जागी उभी राहिली आणि तिनं उजवा हात वर केला.

नाचाच्या क्लासमधलं संगीत चालूच होतं. हॉलच्या कडेला एकटीच हात वर करून उभी असलेली मनस्वी समोरच्या मोठ्या आरशात सगळ्यांना दिसली, आणि पहिलं हसू रियाला फुटलं. मग सगळ्यांनाच. मॅडमनी गाणं थांबवलं. त्यांना वाटलं, हिला पाणी प्यायला जायचंय.

"काय गं, काय हवंय?"

"काय नाय," असं पुटपुटत मनस्वीनं हात खाली घेतला.

आता यात त्या पोरीची चूक ती काय? ती पनवेलजवळच्या नेऱ्याच्याही पुढच्या गावातली. तिच्या घरी हाताला आत म्हणतात. आत धुऊन जेवायला बसतात, आणि घरात शिरायचं असलं की भितर जातात. शाळेच्या वहीत ती दोन्ही शब्द अगदी नीट लिहायची. पण ढोलकी वाजायला लागली की तिचा कान घरी पळायचा, आणि तिथून अर्थ घेऊन परत येईपर्यंत बाकीच्या मुली पुढच्या स्टेपवर पोचलेल्या असायच्या.

त्या दिवसापासून मनस्वीनं 'ह' सांभाळायचं ठरवलं. सांभाळला तोही असा, की दिसेल तिथे पेरून ठेवला. पुढच्या रविवारी नवीन पनवेलच्या त्या हॉलमध्ये शिरताना ती "मॅडम, मी हाले" म्हणाली. कुठे उभी राहतेस म्हणून रियानं विचारलं, तर "होळीत" म्हणाली. रिया तिथल्याच सेक्टरमध्ये वाढलेली, पहिल्या ओळीत मधोमध नाचणारी. तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. तिनं एवढंच विचारलं, की होळीला रंग कोण आणणार. मुली पोट धरून हसल्या. मनस्वीही हसली, कारण न हसण्यात जास्त लाज होती. पण तिला फार लागलं.

क्लास सुटल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. मॅडम प्रेमळ होत्या, त्यामुळे बोलणं आणखीच जड गेलं. त्यांचं म्हणणं असं, की पनवेलच्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे, फॉर्मेशन एकीमुळे बिघडलं तर सगळ्यांचंच बिघडतं. येत्या रविवारी एकदा बघू, नाहीच जमलं तर या वेळी तिनं प्रेक्षकांत बसावं. तोवर तिनं शेवटच्या ओळीत, उंच मुलींच्या मागे उभं राहायचं.

खाली तिचा बाप पिकअप घेऊन थांबला होता. भावेशचा रेती-खडीचा धंदा होता आणि नाचाचं म्हणाल तर गावातल्या एकाही हळदीत तो खाली बसलेला कुणी पाहिला नव्हता. वाजवून वाजवून बेंजोवाले दमायचे, हा नाही. पोरगी स्टेजवर जाणार हे त्यानं सगळ्या भावकीत सांगून टाकलं होतं. सगळ्यांना नाट्यगृहात न्यायला टेम्पो करायचं ठरलं होतं, आणि काकवा-आत्यांचं एका रंगाच्या साड्यांचं. कोणता रंग, यावरून दोन घरांत अबोलाही झाला होता.

गाव जवळ येईपर्यंत मनस्वी खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, टेम्पो नको सांगू.

"सांगला पन," भावेश म्हणाला. "काय झाला?"

तिनं सगळं सांगितलं. हात सांगितला, होळी सांगितली, शेवटची ओळ सांगितली. आपण आता क्लासला जाणार नाही, हेही सांगितलं. भावेशला आधी हसू आलं, मग पोरीचा चेहरा बघून ते विरलं. मॅडमशी बोलायला गाडी फिरवावी असं त्याच्या मनात आलं. पण बोलायला लागला की तो मोठ्यानं बोलायचा, आणि आपलं बोलणं ऐकून पोरगी आणखी खाली मान घालेल हे त्याला कळत होतं. गाडी त्यानं गावाकडेच नेली.

"तुला तिकरं बोलाचा हाय का नाचाचा?" दारात गाडी उभी करून त्यानं विचारलं.

रात्रभर ते वाक्य मनस्वीच्या डोक्यात घोळत राहिलं असावं, कारण सकाळी तिनं अंगणात बादल्या मांडल्या. एकेक बादली म्हणजे एकेक मुलगी. मोबाइलवर गाणं लावलं आणि मॅडमचा एकही शब्द न आठवता, नुसत्या ढोलकीवर ती नाचायला लागली. ढोलकी कुठे दबते, कुठे उसळते, कुठल्या थापेला मध्याकडे जायचं, ते पायांत बसेपर्यंत. बादल्या कमी पडल्या तेव्हा भावेश येऊन उभा राहिला. त्याला रिया व्हायला सांगितलं होतं. तो जरा जास्तच हलायचा, म्हणून शेवटी त्याला घरात पाठवावं लागलं.

रविवारी ती क्लासला गेली. शेवटच्या ओळीत उभी राहिली. पुढे उंच मुली, त्यामुळे आरशात तिला स्वतःचा केसही दिसत नव्हता.

मॅडमनी सांगितलं, की आजपासून त्या एक शब्द बोलणार नाहीत. स्टेजवर कुणी ओरडून सांगायला येत नाही.

गाणं सुरू झालं. सुरुवात बरी गेली. मग मध्याकडे जायची वेळ आली आणि पहिली ओळ आरशात बघत, शब्दाची वाट बघत उभी राहिली. रिया निघाली ती उशिरा, आणि शेजारणीवर आदळली. मॅडमनी गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. फक्त मागच्या बाजूला एक मुलगी बरोबर थापेला आत जात होती, बरोबर थापेला बाहेर येत होती, आणि तिच्या आजूबाजूच्या दोघी-तिघी आता आरसा सोडून तिच्याकडे बघायला लागल्या होत्या.

मॅडमनी गाणं बंद केलं. त्या ओळींमधून चालत गेल्या आणि थेट मागच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी इकडे तोंड करा. प्रेक्षक आता इकडे आहेत," त्या म्हणाल्या. "मनस्वी, कार्यक्रमातही तू अशीच पुढे."

मुली वळल्या. शेवटची ओळ पहिली झाली. मनस्वीला आधी टेम्पो आठवला, मग साड्या, आणि मग समोर कुणीच नाही हे लक्षात येऊन ती एक पाऊल मागे सरकली. आनंद झाला होता, पण भीती त्याच्याहून मोठी होती.

एवढ्यात मुलींमधून वाट काढत रिया तिच्या मागे येऊन पोचली. तिचा चेहरा उतरला होता.

"मला ते मधलं आठवतच नाहीये गं," ती हळूच म्हणाली. "माझ्यामुळे सगळं बिघडेल."

मनस्वीनं मागे वळून बघितलं. 'ह' कुठे घालायचा आणि कुठे नाही, याचा विचार करायला वेळ नव्हता.

"माज्याकरं बघ," ती म्हणाली. "मी हाय ना."

रिया हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि मनस्वीच्या बरोबर मागे पाय जुळवून उभी राहिली.