माझी खोटी आकाशं

मित्रांनो, माझा पंखा खरखरतो म्हणून हसू नका. नांदेडच्या एका कॉलेजातला मी जुना संगणक. नवा होतो तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. पुढं माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. मग लोह्याची प्रियदर्शनी संशोधनाला आली. तिनं फुंकर मारून माझी धूळ काढली, अन् माझा जन्म सार्थकी लागला!

काम काय, तर अवकाशातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचं वजन काढायचं. दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, उजेड त्याच्याजवळून येताना वाकतो, म्हणून त्या किंचित तिरप्या दिसतात. पण दीर्घिका मुळातच वाकड्यातिकड्या! मग उत्तरावर भरवसा किती ठेवायचा? त्यासाठी मी शेकडो खोटी आकाशं बनवायचो. प्रत्येकातून उत्तर काढायचं. उत्तरं जेवढी मागंपुढं होतील, तेवढी शंका धरायची. पदार्थाची मांडणी दर वेळी बदलायची, अन् दीर्घिकांचा वाकडेपणा सोडतीनं ठरायचा. ती सोडत सुरू करायला एक आकडा द्यावा लागे.

प्रियदर्शनीनं दिला एकशे एक. आहेरावर एक हवाच, तशी घरची रीत! दर वेळी तोच आकडा, म्हणून दर वेळी तोच वाकडेपणा. शंका निघाली एवढीशी. पोरीनं आनंदानं पेढे वाटले. परिषदेत हेच मांडायचं होतं; चूक तिथं निघाली असती तर सगळी मेहनत पाण्यात. मला कळत होतं, पण मला तोंड कुठं?

तिचे मार्गदर्शक वीरभद्र सर म्हणाले, "शंका लई कमी हाय. पुन्हा बघ."

ती आकाशांची चित्रं उघडू लागली आणि मी हँग झालो. दोन आकाशं शेजारी-शेजारी अडकली. "आत्ताच बंद पडायचं होतं का रे!" म्हणत तिनं मला चापट मारली, अन् हात तसाच राहिला. "अगं बाई! दोन्हीकडं दीर्घिका सारख्याच वाकड्या!"

हँग झाल्याबद्दल शाबासकी मिळालेला संगणक बघितलाय कधी?

तिनं प्रत्येक आकाशाला वेगळा आकडा दिला. शंका दुप्पट झाली. परिषदेत पहिला प्रश्न त्यावरच आला, अन् तिनं असं उत्तर दिलं की टाळ्या पडल्या! परतल्यावर माझ्यासमोर बसूनच तिनं आईला, नागाबाईंना, फोन लावला.

"आई, शंका वाढली!"

"मग हसून काय राहिलीस?"

"आता खरी हाय ना ती!"

"मग पुन्हा पेढे वाट. त्या मशिनीला बी ठेव एक."

ठेवला की! तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, अन् उत्तर सांगताना "थोडं इकडंतिकडं असंल" म्हणायला लाजू नका. पेढा मात्र जरा लांब ठेवा. मुंग्या लागतात.