कोकरांचे फोटो

आबांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचा भरवसा नाही. तरी जाताना त्यांना काळजी भलतीच. "बालाजी, कोकरं नीट पाजशील न्हवं?"

मला हसू आलं. नऊ कोकरं, नऊ आया. मेंढ्या दिवसभर जळकोटच्या माळावर चरतात, संध्याकाळी प्रत्येक कोकरू त्याच्याच आईखाली सोडायचं. दुसरीखाली सोडलं तर ती ढुशी देते. आबांना सगळं तोंडपाठ. मी पडलो शिकलेला. आबा निघायच्या आधी त्यांना जोड्या विचारून प्रत्येक कोकराच्या पाठीवर रांगोळीच्या रंगानं आकडा घातला आणि आईसोबत त्याचा फोटो काढला. आकडा बघायचा, फोटो उघडायचा, सोडून द्यायचं. तीन दिवस झकास चाललं.

चौथ्या दिवशी दुपारी अवकाळी सर आली. रांगोळीचा रंग तो, वाहून गेला. समोर नऊ काळी कोकरं, सगळी सारखीच; फोटोतही सारखीच. लहानपणापासून मेंढरांत वाढलेला मी, पण तीन दिवसांत एकाचंही तोंड बघितलं नव्हतं. सगळ्यात धाकटं मी अंदाजानं तीन मेंढ्यांखाली सोडलं. तिघींनी उडवून लावलं. ते मातीत बसलं ते उठेना. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शेवटी आबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "फोन एकेकाच्या तोंडाशी धर."

कोकरू ओरडायचं आणि पट्टी बांधलेले आबा खाटेवरून त्याच्या आईचं नाव सांगायचे, "ह्ये खुळीचं. ह्ये लांडीचं." चार कोकरं आयांना लागली. धाकट्याच्या तोंडाशी फोन धरला, तर त्याच्यात ओरडायचंही त्राण नव्हतं.

"आबा, ह्ये वरडंना."

"मग मला कसं कळंल? आता तूच बघ."

मी फोन चालूच बाजूला ठेवून त्याला मांडीवर घेतलं. आधी काहीच दिसेना. मग दिसू लागलं. उजवा कान टोकाशी दुमडलेला, कपाळावर केसांचा भोवरा. असा भोवरा मी कुठं बघितला होता? भोरी मेंढीच्या कपाळावर!

मी त्याला भोरीखाली सोडलं. तिनं हुंगलं आणि ती गप उभी राहिली.

"पितंय का? शेपूट हलतंय का?" फोनमधून आबांनी विचारलं.

"हलतंय, आबा."

मग ते हळूच म्हणाले, "कसं दिसतंय रं ते? सांग की. मला आता दिसंल, न दिसंल."

मी कान सांगितला, भोवरा सांगितला. आवाज ऐकवून उरलेली चार कोकरंही आयांना लावली. मग फोन कानाला लावूनच बाकीच्या आठांकडे गेलो आणि एकेकाला बघून सांगू लागलो.